कुत्र्यालाही एखादा सोमवार पाहिजे



आज कांद्याच्या रोपाचं नाही, कुत्र्याचं लिहायचंय. ज्यांना फक्त बाजारभाव आणि फवारणी वाचायची आहे त्यांनी पुढं सरकायला हरकत नाही. पण फवारणीचं थोडं यातही येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता आपल्याकडंही पट्टा लावून कुत्रं फिरवायची पद्धत आली. पंधरा वर्षांपूर्वी कुणी कुत्र्याला दोरी लावून रस्त्यानं चाललेला दिसला तर पोरं मागं लागून हसायची. आज आमच्या गावात पाच-सहा लॅब्रॉडर, दोन जर्मन शेफर्ड आणि सरपंचाच्या शेजारी एक चपट्या नाकाचा पगसुद्धा आहे. पहाटे डांबरी रस्त्याला ही सगळी मंडळी भेटतात. चांगलंच आहे. पाळलंय तर फिरवलं पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद आहे तो ‘रोज म्हणजे रोज’ या हट्टाशी. पाऊस असो, ऊन असो, कुत्रं लंगडत असो, माणसाला ताप असो, फेरी झालीच पाहिजे, नाहीतर काहीतरी पाप घडलं, असं जे डोक्यात बसलंय ते मला पटत नाही. आठवड्या-पंधरवड्यातून एखादा दिवस कुत्र्याला फेरीची सुट्टी द्यावी. त्यानं त्याचं काही बिघडत नाही, बऱ्याचदा भलंच होतं.

आपण शेतकरी माणसं, आपल्याला हे बैलावरून कळायला पाहिजे. आमच्या वडिलांच्या वेळी सोमवारी औत धरत नव्हते. सोमवार महादेवाचा, आणि बैल म्हणजे नंदी, म्हणून त्याच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचं नाही. काही गावांत हेच अमावस्येला पाळतात. कारण देवाचं सांगितलं तरी फायदा बैलाच्या खांद्याला होता. पेरणीची घाई असली, वाफसा निघून चालला असला तरी वडील सोमवारी बैल सोडायचे नाहीत. शेजारी म्हणायचे, एक दिवसानं काय होतंय. वडील म्हणायचे, तेच मी पण म्हणतोय.

आणि हे नुसतं रूढीचं नाही, सरकारी नियमातही आहे. ओढकाम करणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, मध्ये विश्रांती न देता सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथं पारा ३७ अंशांच्या वर आहे तिथं दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. किती जण पाळतात ते उसाच्या बैलगाड्या बघून तुम्हीच ठरवा. पण निदान कुणीतरी बसून विचार केलाय की जनावर किती वेळ चालल्यावर त्याला बसू द्यायचं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सगळा विचार एकाच बाजूनं: चालवा, अजून चालवा.

जर्मनीत तर २०२० साली त्यांच्या कृषिमंत्री बाईंनी प्रस्तावच आणला होता, की कुत्र्याला दिवसातून किमान दोनदा आणि एकूण किमान एक तास बाहेर नेलंच पाहिजे. (खातं शेतीचं, आणि बातमी कुत्र्याची. आपल्याकडं उलटं असतं, शेतीची बातमीच येत नाही.) त्यावर तिथल्या लोकांनी बरीच ओरड केली. म्हातारं कुत्रं असलं तर? आजारी असलं तर? उन्हाळ्याची लाट असली तर? पुढं २०२२ पासून नियम लागू झाला तेव्हा त्यातलं घड्याळ गेलं आणि ‘पुरेसं’ असा शब्द राहिला. मला तो शब्द आवडला. पुरेसं किती ते कुत्र्याकडं बघून ठरतं, मोबाइलमधल्या पावलांच्या आकड्यावरून नाही.

आता घरचं सांगतो. माझा पुतण्या पुण्यात असतो, सातव्या मजल्यावर. त्याच्याकडं ब्रूनो नावाचा लॅब्रॉडर, वजन ३४ किलो. सकाळ-संध्याकाळ फिरवायला महिन्यानं पैसे ठरवून एक पोरगा ठेवलेला. गेल्या जुलैत पुतण्या कामानं परदेशात, सूनबाई तिच्या माहेरी, आणि तो पोरगा वडील वारले म्हणून गावी गेलेला. घरात वहिनी एकट्या. वय ६२. धो-धो पाऊस. अशात त्या ब्रूनोला घेऊन संध्याकाळी खाली उतरल्या, गरजेपुरतं नाही, पूर्ण अर्ध्या तासाच्या फेरीला. गाड्यांखालून मांजर पळालं, ब्रूनोनं हिसका दिला, वहिनी ओल्या फरशीवर पडल्या. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मी भेटायला गेलो तर म्हणतात, “भाऊजी, त्याचं वॉक चुकलं असतं ना.”

मी विचारलं, चुकलं असतं तर काय झालं असतं? घरातल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही. कारण त्या घरात तीन वर्षांत ते एकदाही चुकलेलं नव्हतं, त्यामुळं चुकल्यावर काय होतं ते कुणालाच माहीत नाही. कुत्र्यालाही नाही, माणसांनाही नाही. खरी अडचण तिथं आहे. ज्या गाड्याला कधी थांबायची सवयच लावली नाही, तो एक दिवस नको तिथं थांबतो.

त्या सहा आठवड्यांत ब्रूनो आमच्याकडं मळ्यात होता. इथं त्याला मोकळी जागा, आमच्या काळूची सोबत, सकाळी माझ्याबरोबर विहिरीपर्यंत चक्कर. पण मी आठवड्यातला एक दिवस ठरवून चक्कर बंद ठेवली. दिवस सोमवारच धरला, वडिलांच्या आठवणीनं. पहिल्या सोमवारी ब्रूनोनं डोकं उठवलं. पट्टा तोंडात धरून दारात, मग भुंकणं, मग माझ्या चपला पळवणं. दहा वाजेपर्यंत हा तमाशा. दुसऱ्या सोमवारी थोडा कमी. चौथ्या सोमवारी गव्हाणीखाली पसरून झोपला तो उन्हं डोक्यावर आली तरी उठला नाही. काळू तर पहिल्या दिवसापासून झोपलेलाच होता, त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. धडधाकट मोठं कुत्रं दिवसाचे निम्मे तास झोपतंच, पिल्लू आणि म्हातारं त्याहून जास्त. झोपू दिलं तर.

आता आपल्या मळ्यातल्या कुत्र्यांचं. इथं सुट्टीचा प्रश्न वेगळा आहे, कारण आपलं कुत्रं फिरायला जात नाही, कामावर जातं.

शेतीच्या लाइटीचं आपल्याला माहीतच आहे. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात मी कांद्याला पाणी भरायला जातो तेव्हा काळू पुढं असतो. बॅटरीचा उजेड पोचायच्या आधी त्याचं नाक पोचतं. साप, रानडुक्कर, काय असेल ते त्याला आधी कळतं. रात्रभर त्याच्या फेऱ्या चालू. आणि सकाळी घरातली नातवंडं पट्टा घेऊन तयार, चल काळू फिरायला. मी त्या आठवड्यात पोरांना सक्त मनाई केलीय. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला तुम्ही सकाळी पळायला नेता का? तो नको म्हणू शकत नाही, शेपूट हलवत उठतो, आणि आपल्याला वाटतं त्याला हौस आहे. कुत्र्याचं हेच वाईट आहे. बैल थकला की बसतो, चाबूक मारला तरी उठत नाही. कुत्रं मालकासाठी पाय फुटेपर्यंत चालतं.

धनगरांच्या कुत्र्यांकडं बघा. दिवाळी झाली की आमच्या पठारावरून वाडे खाली उतरतात. आमच्या वावरात दरवर्षी दोन-तीन रात्री मेंढरं बसवतो. चालीच्या दिवशी कुत्री मेंढरांबरोबर दिवसभर चालतात. पण वाडा बसला की दिवसा तुम्हाला ती कुत्री घोड्याच्या सामानाजवळ मेल्यासारखी पडलेली दिसतील. भाकरी टाकली तरी एक डोळा उघडतात. रात्री मात्र लांडग्याची काय टाप लागलीय जवळ यायची. त्या लोकांना कुणी शिकवलं नाही की कुत्र्याला चालीचा दिवस आणि मुक्कामाचा दिवस वेगळा असतो.

यापुढचं मुद्दाम आपल्या भागातल्या लोकांसाठी लिहितो, संगमनेर, अकोले, जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या. उसाला कोयता लागला की बिबट्याचा आडोसा जातो. फड मोकळा होईल तसा तो या गटातून त्या गटात सरकतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला होता, २०१४ साली तो छापून आला. त्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के खाणं एकट्या कुत्र्याचं निघालं. शेळी नाही, वासरू नाही, कुत्रं. म्हणजे पहाटे अंधारात किंवा दिवेलागणीला उसाच्या कडेनं कुत्रं घेऊन निघणं म्हणजे त्याच्या जेवणाच्या वेळी ताट घेऊन निघणं. आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या हातात असतं, हे विसरू नका. दोरीला बारकी पोरं तर अजिबात नकोत. शेजारच्या फडात टोळी आली, किंवा वाटेवर ताजा ठसा दिसला, की मी चार-पाच दिवस फेरी बंद करतो. फारच वाटलं तर दहा वाजता, ऊन पडल्यावर, घराभोवती. काळूला त्या रात्री गोठ्यात कोंडतो, बाहेर बांधत नाही. बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही.

फवारणीचं म्हटलं होतं ते हे. डाळिंबावर, टोमॅटोवर औषध मारलं की त्या रानातून दोन-तीन दिवस कुत्रं नेऊ नका. डब्यावर माणसानं किती दिवस रानात जायचं नाही ते लिहिलेलं असेल तर तेवढे दिवस कुत्र्यालाही धरा. आपण निदान बूट घालतो, घरी येऊन हातपाय धुतो. कुत्रं ओल्या पानांतून जातं आणि घरी येऊन पाय चाटतं. तोंडातून लाळ गळायला लागली, अंग थरथरायला लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचा रिकामा डबा घ्या आणि तडक जनावरांचा डॉक्टर गाठा.

कुसळाचं पण सांगतो, कारण आत्ता तोच हंगाम आहे. पाऊस संपून गवत वाळलं की कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं, कानात शिरतं, आणि उलटं येत नाही, आतच जातं. कुत्रं पाय चाटत बसलं, डोकं झटकत असलं तर आधी बेचके बघा. त्या दिवशी फेरी नाही. गोचीड तापानं मलूल झालेलं कुत्रं, लस टोचून आणलेल्या दिवशी, दिवाळीच्या फटाक्यांत बिथरलेलं असताना, कुत्री माजावर असताना ते तीनेक आठवडे गर्दीच्या रस्त्याला, या सगळ्या वेळी घरी ठेवलेलं बरं. यात शिकायसारखं काही नाही, लक्ष द्यायचं एवढंच.

उन्हाळ्याचं दोन ओळीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गादीला थोडा येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापण्यावर. त्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. डांबरावर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवून बघा, नाही ठेवता आली तर तिथं त्याचे पाय पण ठेवायचे नाहीत. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर मे महिन्यात जितक्या सुट्ट्या द्याल तितक्या कमी. सरपंचाच्या शेजाऱ्यांनी हे वाचलं तर बरं.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील, की बरं झालं, आमचं कुत्रं तर रोजच सुट्टीवर आहे. थांबा. तुमच्यासाठी हा लेख नाही, उलटाच आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवर निम्मी कुत्री जन्मभर साखळीला आहेत. चार हात साखळी, तिच्याच घेरात हागणं-मुतणं, तिथंच खाणं, आणि उन्हाळ्यात सावली सरकली तरी ते सरकू शकत नाही. मग म्हणायचं, आमचं कुत्रं लय तिखट आहे. तिखट नाही, ते वेडं झालंय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात, कलम ११ मध्ये, हे नाव घेऊन लिहिलंय, की कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हा गुन्हा आहे. अवास्तव आखूड किंवा जड साखळीला बराच काळ बांधणं हाही गुन्हा. पहिल्या खेपेला दंड १० ते ५० रुपये. त्या काळात पन्नास रुपयांना काही किंमत असेल, आता तेवढ्यात दोघांचा चहा-वडापाव होत नाही, म्हणून कुणाला भीती नाही. पण कायद्यात आहे ते आहे. सुट्टी कामावरची असते. जो कधी कामावर गेलाच नाही, ज्यानं साखळीपलीकडचं जग बघितलंच नाही, त्याला सुट्टी कसली? त्याला आधी रोजची अर्धा तास फेरी चालू करा. मग वर्षभरानं सुट्टीचं बोलू.

फ्लॅटमधल्यांसाठीही एक खुलासा. सुट्टी म्हणजे दिवसभर लघवी धरून बसणं नाही. पाच मिनिटं खाली न्या, गरज उरकली की वर. बंद करायची ती लांबची फेरी. आणि त्या दिवशी त्याला नुसतं भिंतीकडं बघत बसवू नका. मी काय करतो, शिळ्या भाकरीचे तुकडे पाचटाच्या ढिगात पसरतो. दोघं नाकानं हुंगून शोधत बसतात, अर्ध्या तासात चांगले दमतात. घरात जुनं पोतं, गोधडी काहीही चालेल. अंगावरून हात फिरवा, गोचीड काढा, नखं, कान बघून घ्या. नाहीतरी रोज फिरवायच्या घाईत कुत्र्याकडं बघायचं राहूनच जातं. आणि खाणं थोडं कमी द्या, लॅब्रॉडरवाल्यांनी तर नक्कीच.

एकजण म्हणाले, एक दिवस सोडला की माणसाला आळस लागतो, मग सोडतच जातो. हे खरं आहे, माणूस तसाच आहे. म्हणून तर वार ठरवायचा. ठरवलेली सुट्टी ती सुट्टी, न ठरवता झाली तो कंटाळा. वडिलांनी सोमवार पाळला म्हणून मंगळवारी उशिरा उठले असं कधी झालं नाही.

आणि त्या पुण्यातल्या पोराचं राहिलंच. बाप वारला म्हणून तो दहा दिवस गावी गेला, तर त्या सोसायटीतल्या एकानं, पुतण्यानं नव्हे, त्याचे दहा दिवसांचे पैसे कापले. सकाळी पाचपासून आठ कुत्री फिरवतो तो. रविवार नाही, सण नाही, कारण कुत्र्याला रविवार नसतो असं सगळ्यांनी ठरवलंय. आपल्याकडं सालगड्यालासुद्धा सणावाराला घरी सोडतात, आणि नाही सोडलं तर गाव नावं ठेवतं. कुत्र्याला आठवड्याचा एक दिवस दिला असता तर तो आपोआप या पोरालाही मिळाला असता. वहिनींच्या सांगण्यावरून पुतण्यानं आता त्याला रविवार दिलाय, पगार न कापता. ब्रूनो रविवारी पाच मिनिटं खाली जातो आणि वर येऊन झोपतो. बाकीच्या सात घरांचं अजून चालूच आहे.

आमच्याकडं उद्या डाळिंबाला फवारा आहे आणि शेजारच्या गटात परवापासून तोड. त्यामुळं काळू हा आठवडाभर घरीच. पोरांनी पट्टा माळ्यावर टाकलाय, तो मीच टाकायला लावला. तुमच्याकडं कोयता कुठवर आलाय ते खाली लिहा, म्हणजे त्या अंगाच्या लोकांना कळेल.

राम राम.